ओव्हरऑल सात, तरी अडलं कुठे?

प्रश्न : माझी मुलगी जी.एन.एम. हा नर्सिंगचा डिप्लोमा करून मिरजेत एका रुग्णालयात नोकरीला आहे. नर्स म्हणून इंग्लंडला जायचं म्हणून तिनं अकॅडमिक आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग ७.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७ आणि ओव्हरऑल ७. नऊपैकी सात म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के झाले की! तरी एजंट म्हणतो, एवढ्यावर चालणार नाही, निकाल फेरतपासणीला टाका. टाकावा का? आणि सरासरी तर ६.८७५ येते, मग सात कुठून आले?
– एक वडील, मिरज

उत्तर : कागद-पेन्सिल घेऊन सरासरी काढलीत, बरं वाटलं. बहुतेक पालक ठळक आकडा बघून पेढे आणतात. ओव्हरऑल बँड, म्हणजे नऊपैकी मिळणारी एकूण श्रेणी, जवळच्या पूर्ण किंवा अर्ध्या आकड्यावर नेऊन लावतात. ६.८७५ ला सगळ्यात जवळचा म्हणजे ७. नेमके ६.२५ आले तर वर ६.५ होतात, ६.७५ चे ७ होतात, ६.१२५ असेल तर मात्र खाली ६ वर यावं लागतं.

टक्के काढायचं तेवढं सोडा. दहावी-बारावीची सवय आहे आपल्याला, पण इथे ते गणित चालत नाही. रीडिंगला ४० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकल्यास गुण कापत नाहीत. अकॅडमिकमध्ये साधारण २३ बरोबर आले की ६, ३० ला ७, ३५ ला ८. पेपरच्या काठिण्यानुसार एखाददुसरा गुण इकडेतिकडे. म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त प्रश्न सुटले तरी बँड ६ दिसतो. आयेल्ट्सचा दुसरा प्रकार असलेल्या जनरल ट्रेनिंगच्या रीडिंगला त्याच ६ साठी साधारण ३० बरोबर लागतात, तेव्हा शेजारच्या मुलाच्या आकड्याशी तुलना करत बसू नका.

एजंटचं पहिलं म्हणणं खरं आहे. नर्सची नोंदणी करणारी तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ओव्हरऑल ७ मागतेच, शिवाय लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये वेगवेगळे ७ आणि रायटिंगमध्ये ६.५. मुलीचं रायटिंग त्यात बसलंय! सगळे ज्याला घाबरतात तो विषय सुटला आणि अडलं रीडिंगला, तेही अर्ध्या बँडनं. जेमतेम दोन-तीन उत्तरांचा प्रश्न असेल.

फेरतपासणीचा सल्ला मात्र मला पटत नाही. रायटिंग-स्पीकिंगला माणूस चार निकषांवर बँड देतो, तिथे दुसऱ्या परीक्षकाचं मत वेगळं पडू शकतं. रीडिंगची उत्तरं ठरलेल्या उत्तरांशी ताडून पाहतात. स्पेलिंग चुकलं की उत्तर चुकीचं, ‘दोनच शब्दांत लिहा’ म्हटलेलं असताना तीन लिहिले तरी चुकीचं. त्यात बदलण्यासारखं काय उरतं? बँड बदलला तर फी परत मिळते, पण मी तुमच्या जागी असते तर फेरतपासणीची फी भरली नसती.

तिनं पुन्हा परीक्षेला बसावं, आणि हा निकाल टाकून देऊ नये. दोन परीक्षांमध्ये १२ महिन्यांहून जास्त अंतर नसेल तर कौन्सिल दोन्हींचे गुण एकत्र धरते. अट अशी, की दोन्ही वेळा लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ६.५ च्या खाली आणि रायटिंग ६ च्या खाली जाता कामा नये. आताचे ६.५ या अटीत बसतात. म्हणजे पुढच्या वेळी रीडिंगला ७ हवेत, बाकीचे विषय अर्ध्या बँडनं घसरले तरी चालतील. ओईटी ही आरोग्यक्षेत्रासाठीची परीक्षाही कौन्सिलला चालते. पण रायटिंग सुटलेलं असताना सगळंच नव्यानं कशाला?

तयारीचं म्हणाल तर रीडिंगला तीन उतारे, एक तास, आणि उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. घड्याळ लावून दोन-तीन सराव पेपर सोडवू द्या आणि चुका कुठे होतात ते तिलाच खुणा करून पाहू दे. तिसरा उतारा कोरा राहत असेल तर वेळेची गडबड आहे. ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’मध्ये गफलत होत असेल तर शब्द पाठ करून काही होणार नाही, उताऱ्यात विधानाच्या उलट म्हटलंय की त्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही, एवढंच प्रत्येक वेळी बोट ठेवून शोधायचं. नाइट ड्यूटीहून आल्या आल्या मात्र पेपर सोडवायला बसवू नका.