परसातील मत्स्यतळ्यासाठी पाणी कोणते घ्यावे?

प्रश्न : घरामागे 10 फूट लांब, 8 फूट रुंद व 3 फूट खोल असे सिमेंटचे तळे नुकतेच बांधले. बोअरचे पाणी भरून त्याच संध्याकाळी रोहू-कटल्याची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) सोडली, ती पहाटेपर्यंत मेली. पाणी अगदी नितळ होते. आता नळाचे पाणी भरावे काय?

उत्तर : खोलवरून उपसलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू फारच कमी आणि कार्बन डायऑक्साइड पुष्कळ असू शकतो, त्यामुळे पिण्यास उत्तम असलेल्या पाण्यातही मासे गुदमरतात. शिवाय तळे नवे असल्याने सिमेंटातील चुना पाण्यात उतरून सामू (पाण्याचा आम्ल-अल्कपणा दाखवणारा आकडा, pH) 9 च्या वर गेला असण्याची दाट शक्यता आहे. नेमके कारण पाणी तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मात्र उपाय दोन्हींवर करावा.

प्रथम तळे भरून आठवडाभर ठेवावे, ते पाणी झाडांना न घालता सोडून द्यावे आणि सामू 8.5 च्या खाली स्थिरावेपर्यंत असेच दोन-तीनदा करावे.

बोअरचे पाणी टाकून देण्याजोगे नाही. त्यातील क्षारांमुळे सामू एकदम वर-खाली होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ते उंचावरून, छिद्रे पाडलेल्या पाइपातून फवाऱ्यासारखे पडू द्यावे व दोन-तीन दिवस उघड्यावर राहू द्यावे. त्याआधी एक पांढरी बादली भरून रात्रभर ठेवावी. सकाळी तळाशी तांबूस गाळ बसला, तर पाण्यात लोह आहे. तोच गाळ कल्ल्यांवर बसतो, म्हणून असे पाणी वेगळ्या टाकीत निवळू देऊन वरचे नितळ पाणी तेवढे काढून घ्यावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ले जाळते. उघड्या टाकीत दोन दिवस उन्हात ठेवल्यास ते बहुतेक निघून जाते. आपल्या तळ्यात सुमारे 6,800 लिटर पाणी मावते, तेवढे असे उघड्यावर ठेवणे जड नाही. खरा घात होतो तो पुढे, पातळी उतरली म्हणून नळाची नळी थेट तळ्यात सोडली जाते तेव्हा.

शेजारी उघडी विहीर असून तीत बेडूक, लहान मासे नांदत असतील, तर माझी पहिली पसंती त्या पाण्याला राहील. छपरावरचे पावसाचे पाणी पहिल्या सरी वगळून घ्यावे, पण त्यात क्षार नसल्याने विहिरीच्या पाण्यात मिसळूनच वापरावे. फवारणी झालेल्या शेतातून आलेले पाटाचे पाणी मात्र घेऊच नये.

सामू 7 ते 8.5 व विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रामच्या वर आढळल्यावर प्रथम चार-पाचच बोटुकली सोडावीत आणि दोन दिवस पहाटे स्वतः पाहावे. ती पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर बाकीचे बीज आणू नये.