विहिरीवर कप्पी बसवली तरी बादली तेवढीच जड का लागते? दुसरी कप्पी लावून उपयोग होईल का?

तुमच्या कप्पीत काही चुकलेलं नाही. तुळईला पक्की बांधलेली एकच कप्पी वजन कमी करत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. १५ लिटर पाणी आणि १ किलोची बादली मिळून १६ किलो एका टोकाला लटकत असतील, तर दुसऱ्या टोकालाही किमान तेवढीच ओढ लागणार. फायदा आहे तो वेगळा. काठावर वाकून वर खेचण्याऐवजी ताठ उभं राहून खाली ओढता येतं, त्यात अंगाचं वजन कामी येतं आणि कंबर वाचते. मोटेच्या बैलांची धाव उतरती असायची तीही याचसाठी, बैलांचं वजन ओढीत धरता यावं म्हणून.

प्रत्यक्षात १६ पेक्षा जास्तच जोर लागतो, कारण आसावर घर्षण होतं. इथे कप्पीचा आकार फार महत्त्वाचा. आस २ सेंटीमीटर जाड आणि कोरडा, गंजलेला आहे असं धरा. कप्पी ६ सेंटीमीटर व्यासाची असेल तर सुमारे साडेएकोणीस किलो ओढ लागते, तोच आस १५ सेंटीमीटरच्या कप्पीत असेल तर सव्वासतरा. म्हणून दुसरी कप्पी घेण्याआधी आहे तिच्यात ग्रीस भरा, आणि ती लहान असेल तर मोठी बसवा. तुळईकडेही बघा. तिच्यावर बादलीचा भार आणि तुमची ओढ दोन्ही येतात, म्हणजे ३३ किलोच्या आसपास. वाळवी लागलेलं लाकूड इथेच दगा देतं.

आता दुसरी कप्पी. तीही तुळईलाच बांधली तर काही फरक पडणार नाही, ती बादलीबरोबर वरखाली जायला हवी. दोराचं एक टोक तुळईला बांधा, दोर खाली नेऊन सुट्या कप्पीखालून घ्या, परत वर आणून पक्क्या कप्पीवरून हातात घ्या. बादली सुट्या कप्पीच्या आकड्याला. आता भार दोराच्या दोन पदरांवर वाटला जातो. सुटी कप्पी १ किलोची धरली तर १७ किलोचे साडेआठ-साडेआठ, आणि १५ सेंटीमीटरच्या कप्प्यांचं घर्षण धरून हाताला साधारण साडेनऊ किलो. हे फुकट मिळत नाही: बादली १ मीटर वर यायला २ मीटर दोर ओढावा लागतो. तुळईपासून पाणी १० मीटर खोल असेल तर २३ मीटर तरी दोर घ्या.

या जोडणीत त्रास होतो तो दोन पदर एकमेकांत गुंडाळले जाण्याचा. पिळाचा दोर भार आला की उलगडू बघतो आणि बादली गरगर फिरते, म्हणून विणलेला दोर वापरा. तुळईवरची गाठ आणि पक्की कप्पी यांत फूटभर अंतर ठेवा. त्याहून फार लांब नको, कारण बादली वर आली की पदर तिरके होतात आणि जोर वाढतो. पदरांमधला कोन १२० अंश झाला तर फायदा पार संपतो. रिकामी बादली खाली सोडताना दोर ढिला पडून खोबणीतून निसटतो, तेव्हा दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पाळी असलेलीच कप्पी घ्या.

घरात वयस्कर माणूस पाणी शेंदत असेल तर माझ्या मते रहाट बरा. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या लाकडी रुळाला ४० सेंटीमीटरचा दांडा लावला तर १६ किलोला ४ किलो जोर पुरतो, घर्षण धरूनही पाचच्या आत. १० मीटरला सोळा फेरे होतात. दोर १६ मिलिमीटरचा असेल तर रूळ किमान ३० सेंटीमीटर लांब घ्या, म्हणजे सगळे फेरे शेजारी शेजारी बसतील. एकावर एक चढले की त्रिज्या वाढते आणि दांडा जड होतो. आणि रुळाला दातेरी चाक व खटका बसवल्याशिवाय रहाट वापरू नका. भरली बादली असताना दांडा हातून सुटला तर तो उलटा गरगर फिरतो आणि मनगटावर बसतो.