दिलेल्या अक्षरांपासून इंग्रजी शब्द कसे शोधायचे? मराठी मीडियमच्या मुलाला ते जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की मुलगा खानापूरला मराठी शाळेत सातवीला आहे, स्पर्धेत अक्षरं देऊन शब्द काढायला लावतात आणि इंग्लिश मीडियमच्या पोरांसमोर त्याचा टिकाव लागणार का, ते वाचलं आणि राहवलं नाही. शब्द शोधायला कुठलं ॲप घ्यावं ते खाली सांगतो, आधी हे ऐका.

बेळगावात शहापूरला आमचा छापखाना होता, ऑफसेट यायच्या आधीचा, खिळ्यांचा, म्हणजे एकेका अक्षराचा ठसा जुळवून छापायचा. आप्पा स्वतः कंपोझिंग करायचे. लग्नपत्रिका मराठीत, हँडबिलं कानडीत, व्हिजिटिंग कार्डं इंग्लिशमध्ये, बेळगावात तीन भाषा आल्याशिवाय ह्या धंद्यात भागतच नव्हतं. शाळा सुटली की मी तिथंच, छापून झालं की खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं काम माझं. इंग्लिशच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, ईचा खण सगळ्यात मोठा, ए, टी, एन, ओ, आय, एस, आर हे हाताशी, आणि जे, क्यू, एक्स, झेड बारक्या खणांत. इंग्लिशची दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती तेव्हापासून माझ्या बोटांना माहीत होतं की कुठलं अक्षर किती लागतंय आणि कुणाच्या शेजारी कोण येतंय, क्यूच्या मागोमाग यू, टीच्या मागं एच.

आत्या कॅम्पात राहायची. आतेभाऊ माझ्यापेक्षा मोठा, इंग्लिश मीडियमला, आणि त्याच्याकडं स्क्रॅबल, अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द करायचा खेळ. मे महिन्याच्या सुट्टीत सगळी पोरं जमायची, मला म्हणायचा तू नुसतं बघत बस, तुला काय कळतंय रे ह्यातलं. एकदा भिडू कमी पडला म्हणून नाइलाजानं घेतलं. हातात सोंगट्या आल्या ए, ई, आय, एन, आर, एस, टी. मी एस उचलून आधी शेवटाला नेऊन ठेवला, बाकीची फिरवली, आणि रेटिनास लावलं, आर ई टी आय एन ए एस. सातच्या सात सोंगट्या एका दमात लावल्या की ५० गुण जास्तीचे मिळतात, त्यामुळं हा उसळलाच, म्हणाला असला शब्दच नाही. मी म्हटलं डोळ्याच्या आतला पडदा तो, रेटिना, एस लावून अनेकवचन. नेत्र तपासणी शिबिराचं हँडबिल आमच्याकडंच छापलेलं, त्या शब्दाचे खिळे मीच परत खणात टाकलेले, मला कसा विसरणार? डिक्शनरी काढली. शब्द होता, अनेकवचनाला एस चालतो हेही लिहिलेलं होतं. तर म्हणतो काय, "हे पाठ केलेलं हाय, मराठी मीडियमचं इंग्लिश असंच असतंय." आत्या आतून ओरडली, "हरलास की रे, गप बस आता."

इतकी वर्षं झाली तरी परवा टिळकवाडीतल्या एका लग्नात, माझी मुलगी मराठी शाळेत जाते हे कळल्यावर, भर पंगतीत आतेभावाचं परत तेच वाक्य.

पाठ केलेलं म्हणजे हलकं, हे ठरवलं कुणी? न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ ला फ्रेंच स्क्रॅबलचा जागतिक विजेता झाला, त्याला फ्रेंच बोलता येत नाही, शब्दांची यादी पाठ केली आणि फ्रेंच बोलणाऱ्यांना हरवलं. २०२४ ला स्पॅनिशमध्येही तेच केलं. आणि ज्यानं हा खेळ काढला त्या आल्फ्रेड बट्सनं काय केलं, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली, त्यावरून १०० सोंगट्यांत ईच्या १२ ठेवल्या, क्यू आणि झेडची एकेकच आणि प्रत्येकी १० गुणांची, आणि एस मुद्दाम चारच, नाहीतर जो तो नुसती अनेकवचनं करत बसेल. म्हणजे ज्याला अक्षरांची सवय आहे त्याचा हा खेळ आहे, मीडियमचा संबंध नाही.

आता पद्धत. अक्षरं मिळाली की मुलाला ती एबीसीच्या क्रमानं लिहायला सांगा. ई, आय, एल, एन, एस, टी एवढ्या सहांतून लिसन, सायलेंट, एनलिस्ट, इनलेट्स, टिन्सेल असे पाच शब्द निघतात, पाचांचीही अक्षरं क्रमानं लावली की तीच एक ओळ येते. ॲपही आतून हेच करतंय, डिक्शनरीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमानं लावून ठेवायची आणि तुमची अक्षरं तशीच लावून जुळवायची. दुसरं, आयएनजी, ईडी, ईआर असली शेपटं आधी बाजूला काढायची. ए, डी, जी, आय, एन, आर, टी मधून आयएनजी काढलं की उरतात ए, डी, आर, टी, त्यातून डार्ट दिसला की डार्टिंग झालं, आणि ट्रेडचा ई आयएनजी लावताना गळतो हे माहीत असेल तर ट्रेडिंगही सापडतं. रोज रात्री जेवणानंतर एक गठ्ठा अक्षरं द्या, आधी वहीत त्याला काय निघेल ते निघू दे, मगच ॲपला विचारा आणि राहिलेले शब्द लिहून पाठ करायला लावा, होय, पाठच. आधी ॲप उघडलं की पोरगं शोधायचं सोडून देतंय.

ॲपच पाहिजे तर वनलुक ही शब्द शोधायची वेबसाइट बघा, जिथलं एक अक्षर माहीत नसेल तिथं प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरं माहीत नसतील तिथं तारा टाकायचा. घरात लिनक्सचा कॉम्प्युटर असेल तर शब्दांची फाइल घेऊन एकेका अक्षरासाठी ग्रेप (फाइलीतून हवं ते शोधणारी कमांड) लावत गेलं तरी काम होतं, पण त्यात जास्तीची अक्षरं असलेले शब्दही येतात आणि एकच अक्षर दोनदा पाहिजे असेल तर असं साधं ग्रेप ते मोजत नाही, ते डोळ्यानं तपासावं लागतं.

अजून एक राहिलं, फक्त दिलेल्याच अक्षरांचा शब्द पाहिजे की ती अक्षरं असलेला कुठलाही चालेल हे तुमच्या प्रश्नात नीट कळलं नाही, मी पहिलं धरून लिहिलंय. आणि ॲपमध्ये दिसला म्हणून शब्द स्पर्धेत चालेलच असं नाही, क्यू आणि आय एवढ्या दोन अक्षरांचा शब्द स्क्रॅबलच्या यादीत आहे पण शाळेतल्या छोट्या डिक्शनरीत सापडायचा नाही, तेव्हा कुठली डिक्शनरी धरणार हे सरांना आधीच विचारून घ्या.