‘कॉन्शस, ओरिएंटेड’ लिहिण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नव्या रुग्णाच्या फॉर्ममधला मानसिक स्थितीचा रकाना वॉर्डात सगळ्याजणी ‘कॉन्शस, ओरिएंटेड’ (शुद्धीवर आहे, स्थळ-काळ-माणसांचे भान आहे) एवढ्या दोन शब्दांत भरतात, मग त्यात आणखी पाहायचे तरी काय, असे तू विचारले आहेस. वागणूक, बोलणे, मनःस्थिती, विचार, भास, भान, लक्ष, स्मरण ही यादी तुला पाठ आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. त्या यादीत वयाचा उल्लेख नसतो आणि अडचण नेमकी तिथेच येते. दोन महिन्यांचे बाळ, सोळा वर्षांची मुलगी आणि ऐंशीच्या आजी यांना एकच प्रश्न विचारून भागत नाही. तिघांच्याही बाबतीत पाहायचे ते एकच, की हे माणूस एरवी कसे असते आणि आज कसे आहे. म्हणून पहिला प्रश्न सोबत आलेल्या माणसाला विचारावा: ‘एरवी हे कसे असतात? बदल कधीपासून जाणवतो?’ उत्तरात ‘बाहेरचं झालंय’ किंवा ‘कोणीतरी करणी केली’ असे ऐकू आले, तर हसू नये आणि वादही घालू नये. तेच शब्द अवतरणात लिहून घ्यावेत आणि ‘कधीपासून’ हे पुन्हा विचारावे. तासांत झालेला बदल आणि वर्षांत झालेला बदल यांची कारणे आणि उपचार वेगळे असतात.

तान्ह्या बाळाची तपासणी आईच्या मांडीवरच होते. त्याचे रडणे, चोखण्याचा जोर आणि चेहऱ्याकडे लागणारी नजर यांतूनच आपल्याला त्याच्या मेंदूची स्थिती कळते. साधारण दीड-दोन महिन्यांचे बाळ आपल्या हसण्याला हसून उत्तर देते. ते अपुऱ्या दिवसांचे असेल, तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करावे लागतात. टाळू पाहायची ती बाळ शांत असताना आणि त्याला उभे धरून, कारण रडताना ती फुगलेली वाटतेच. आठ-नऊ महिन्यांचे मूल तुला पाहून आईला बिलगले आणि किंचाळले, तर ते हट्टी नाही, ते ठीक आहे. सलाइनची सुई टोचताना जे मूल हातही ओढून घेत नाही, त्याची काळजी करावी आणि डॉक्टरांना लगेच बोलवावे. दमलेल्या आईला ‘आज कसं गुणी झालंय’ असे वाटू शकते. तिच्या समाधानावर आपण विसंबायचे नाही. शुद्धीची पातळी गुणांत मोजणारे ग्लासगो कोमा स्केल वापरताना बोलण्याचा भाग लहान मुलांसाठी वेगळा आहे, हेही ध्यानात ठेव.

शाळकरी मुलांचे फार अवघड नसते. शाळा, मित्र आणि झोप यांविषयी विचारले की ती बोलू लागतात.

किशोरवयात मात्र आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसवल्याशिवाय खरे काही हाती लागत नाही. केसपेपरवर ‘उंदराचे औषध चुकून घेतले’ असे लिहून आलेल्या मुलीला एकटीला, हलक्या आवाजात पण सरळ विचारावे: ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? त्यासाठी काही ठरवलं आहे का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे; बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच हायसे वाटते. बोलण्यापूर्वीच तिला सांगून ठेवावे की बाकी सारे तुझ्यामाझ्यात राहील, परंतु जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना सांगावे लागेल. उत्तर ‘हो’ आले तर तिला एकटी सोडू नये, खाटेजवळचे फिनाईल, ब्लेड आणि ओढणी बाजूला काढावी आणि ताबडतोब कळवावे. पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट काही सिद्ध होईपर्यंत, तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, हे त्यांना समजावून सांगता येते. घरी जाताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून द्यावा. तिथे चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते.

बाळंतिणीचे वेगळे पाहावे. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास येणारे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ते त्यापुढे टिकले, तर नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली उपयोगी पडते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे आणि त्याचे उत्तर बेरजेच्या आकड्यापेक्षा आधी वाचावे. बाळ झोपलेले असूनही जी रात्रभर टक्क जागी राहते, असंबद्ध बोलते किंवा बाळाविषयी भलतेच काही सांगते, तिला सकाळच्या राउंडपर्यंत थांबवायचे नाही, कारण बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणे, ही तातडीची अवस्था आहे.

सर्जिकल वॉर्डात बदली झाल्यास पन्नाशीचे, पाय मोडून आलेले गृहस्थ तिसऱ्या दिवशी थरथरू लागतात, घामाघूम होतात आणि चादरीवरचे न दिसणारे किडे वेचू लागतात, असे दृश्य दिसेल. दारू अचानक तुटल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत हे होते. दाखल करतानाच ‘रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली’ हे बायकोसमोर न विचारता, उपदेशाचा सूर न लावता विचारून ठेवले, तर ही वेळ टाळता येते.

वृद्धांविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर आरडाओरडा करून सलाइन उपटणारे आजोबा सर्वांना दिसतात. पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून, कुणालाही त्रास न देता पडून राहिलेल्या आजी कुणालाच दिसत नाहीत. त्यांनाही डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो, शिवाय तो ओळखायला उशीर होतो. तो ओळखण्याची, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली कॅम ही पद्धत सोपी आहे: बदल अचानक आला असून तो दिवसभरात कमीजास्त होतो आणि लक्ष टिकत नाही, या दोन गोष्टी हव्यातच, त्यांच्या जोडीला विस्कळीत बोलणे किंवा शुद्धीत फरक, यांपैकी एक हवी. लक्ष पाहण्यासाठी वार उलटे म्हणायला सांगावेत: रविवार, शनिवार, शुक्रवार. ज्यांना काल ते जमले आणि आज जे ‘बुधवार’पाशी अडकून पुन्हा ‘रविवार’वर येतात, त्यांची शुगर, ऑक्सिजन आणि ताप लगेच तपास. लघवी तुंबली आहे का, शौच किती दिवसांत झाली नाही, वेदना होत आहेत का आणि झोपेचे एखादे औषध नव्याने सुरू झाले आहे का, तेही पाहा. सोडियमची तपासणी डॉक्टर सांगतील.

वार विचारण्याआधी चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र जागेवर आहे ना, याची खात्री करावी. मेळघाटातून अमरावतीला आणलेल्या कोरकू आजी मराठी प्रश्नाला उत्तर देत नसतील, तर त्यांचे भान हरपले असे होत नाही. नातेवाईक दुभाष्या हवाच. तारखेचा आग्रहही धरू नये. ज्यांनी आयुष्यभर कॅलेंडर पाहिले नाही, त्यांना पोळा झाला की व्हायचा आहे, गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, आज भेटायला कोण आले होते, असे विचारावे. स्मरण, भान आणि लक्ष तपासणारी १९७५ ची तीस गुणांची एमएमएसई ही चाचणी वाचणे, लिहिणे आणि आकृती काढणे यांवरही गुण देते, त्यामुळे शाळा न पाहिलेल्या माणसाचे गुण आजार नसतानाही कमी भरतात. म्हणूनच हरियाणातील बल्लभगड भागातल्या वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप मुद्दाम बदलून तयार केले गेले. ‘वयच झालं आता’ हे निदान नाही, कोणी कितीही वरिष्ठ म्हणाले तरी.

आता लिहिण्याविषयी. ‘रुग्ण कन्फ्युज्ड’ या दोन शब्दांतून रात्रपाळीच्या सिस्टरला काहीच कळत नाही. असे लिहावे: ‘रात्री २ वाजता हाक मारल्यावर डोळे उघडले, पण प्रश्न संपेपर्यंत पुन्हा मिटले. मुलाला भाऊ म्हणाल्या. वार उलटे विचारले असता शनिवारनंतर थांबल्या. संध्याकाळी ६ वाजता सर्व वार बरोबर सांगितले होते. शुगर, ऑक्सिजन, तापमान नोंदवले, ड्युटीवरील डॉक्टरांना २.१० ला फोनवर कळवले.’ मूळ स्थिती काय होती ते मुलाकडून विचारून याच नोंदीखाली लिही, म्हणजे सकाळी हँडओव्हर घेणारीला तुलना करायला दोन नव्हे, तीन वेळच्या स्थिती हाताशी असतील.

तुझी,
सिस्टर ट्यूटर