आम्ही बहात्तरला खडी फोडली!

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटीत नोकरी करते. अमेरिकेचा शेवटचा कॉल रात्री साडेअकराला संपतो, सकाळी सहाला मुलाचा डबा. थकले म्हटलं की धाराशिवकडच्या माझ्या सासूबाई म्हणतात, "आम्ही बहात्तरला खडी फोडली, तुम्हाला एसीत बसून काय होतं?" आमचा त्रास खरंच त्रास नाही का?

उत्तर : सासूबाई खरं तेच सांगतायत. बहात्तरला, म्हणजे 1972 च्या दुष्काळात, मी शाळकरी पोर होते, बीडकडची. आई दुष्काळी कामावर जायची, मी तिच्या मागे. उन्हात बसून बाया खडी फोडायच्या. ढीग मापात कमी भरला की मजुरी कमी. पोरांच्या हातावर सुकडी, म्हणजे पिठागुळाचा कोरडा खाऊ, पडायची आणि घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती नीट थापलीही जायची नाही. दावणीची बैलजोडी कवडीमोलाने गेली, त्या रात्री आई जेवली नाही. अशाच कामांतून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. त्या बायांचं ऋण आपल्यावर आहे, असं मी मनापासून मानते.

पण दिवस मावळला की मुकादम घरी जायचा. त्यानंतर आईला कामावरून हाक येत नसे. चूल होतीच, तरी धाकटा भाऊ दिवसभर शेजारच्या आजीकडे असे आणि त्याचे पैसे कुणी मागत नसे. तुमच्या घरात काम रात्रीही शिरतं आणि पाळणाघर ठरल्या वेळेला बंद होतं. बहात्तरला आमच्याकडे विहिरींना थोडंफार पाणी होतं, धान्य नव्हतं. 2016 मध्ये लातूरच्या दुकानांत धान्य होतं, पाणी मात्र मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. टंचाई कशाची, ते दर वेळी वेगळं. तुमच्याकडे झोपेची आहे आणि मदतीच्या हातांची. तो त्रासच आहे.

सासूबाईंना खडीच्या दिवसांचं सविस्तर विचारा. मजुरी किती मिळायची, पोरं कुठे ठेवायच्या, सगळं. बहुधा त्यांना हे आजवर कुणी विचारलेलं नसावं. मग तुमचा दिवसही तासातासाने सांगा. नुसतं "थकले" म्हणून त्यांना काय कळणार? आणि नवऱ्याचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही, ते मला खटकलं. सकाळचा डबा आणि पाळणाघराची ने-आण त्यांच्याकडे द्या, याच आठवड्यापासून. उशिराचे कॉल आठवड्यातून दोनच रात्री ठेवता येतील का, हे साहेबांना लेखी विचारा.