बाबासाहेबांना पहिल्या प्रकरणात आण

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचलं. धर्माच्या व्याख्या एकाखाली एक मांडल्या आहेस, पण तुझ्या कामाची कोणती, ते कुठंच सांगितलेलं नाहीस.

मानववंशशास्त्रज्ञ टायलरने १८७१ मध्ये म्हटलं, धर्म म्हणजे अलौकिक आत्म्यांवरची श्रद्धा. सुटसुटीत आहे. ती घेऊन नागपूरच्या दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं लाखोंनी धम्म स्वीकारला, तेव्हा बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची होती. टायलरच्या मापात हे बसत नाही. समाजशास्त्रज्ञ दुर्खीमला बौद्ध धर्माकडं पाहून ही अडचण आधीच दिसली होती. म्हणून १९१२ मध्ये त्याने देव बाजूला ठेवून पवित्र आणि लौकिक हा भेद धरला. काही गोष्टी वेगळ्या राखलेल्या, त्यांना मनाईचं कुंपण, आणि त्यांच्यामुळे एका नैतिक समुदायात बांधली गेलेली माणसं.

मी एका घरी मुलाखतीला गेलो होतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली फळीवर मेणबत्ती. आजींना विचारलं, हे तुमचं देवघर का? "आम्ही देव मानत नाही," त्या ठासून म्हणाल्या. आणि लगेच, "पण चपला बाहेर काढून या." मी वहीत पहिलंच वाक्य लिहून घेतलं. दुसरंही तितकंच मोलाचं होतं, हे कळायला मला फार उशीर झाला. तू दोन्ही लिही. त्यावरून आजी खरं तर देवच मानतात, असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. त्यांचा शब्द खोटा पाडायचा अधिकार आपल्याला नाही.

आता माझी खरी तक्रार. टायलर, दुर्खीम, वेबर पहिल्या प्रकरणात आणि बाबासाहेब चौथ्यात, माहिती म्हणून! 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघड. रिलिजन ही वैयक्तिक बाब, धम्म सामाजिक; माणूस एकटाच असेल तर त्याला धम्म लागत नाही, दोघं एकत्र राहू लागले की लागतोच, असं ते मांडतात. ही व्याख्याच आहे, आणि दुर्खीमच्या शेजारी बसण्याच्या तोडीची. आपल्या भाषेत शेजारधर्म, दानधर्म हे शब्द रोज वापरात आहेत, त्यामुळे 'धर्म' आणि 'रिलिजन' यांतलं अंतर तुला परक्या अभ्यासकापेक्षा लवकर जाणवायला हवं.

समाजशास्त्रज्ञ वेबरने तर सुरुवातीला धर्माची व्याख्या करायचंच नाकारलं. जमलीच तर ती अभ्यासाच्या शेवटी, असं त्याचं म्हणणं. तेव्हा पहिलं प्रकरण तूर्त बाजूला ठेव. आधी क्षेत्रकार्याच्या वह्या घेऊन ये, आपण सोबत बसून वाचू.