हृदयाचं औषध, आतड्याचा तुकडा आणि पुढचं शिक्षण

प्रिय विद्यार्थिनी,

तू बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहेस. प्रोजेक्टसाठी कोंबडीच्या आतड्याचा तुकडा ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊतक जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात लावलास, व्हेरापामिल टाकलंस आणि त्याचं आकुंचन जवळजवळ थांबलं. ‘हृदयाच्या औषधाने आतडं का सैल पडावं?’ हा प्रश्न तुला झोपू देत नाही. पदवीनंतर तू मेडिकलचं दुकान टाकावंस असं बाबांना वाटतं, तुला फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरात काय करतात त्या शास्त्रात, एम. फार्म. करायचंय.

आधी तुझ्या प्रश्नाचं बघू. व्हेरापामिल हृदय ओळखत नाही, ते पेशीच्या आवरणातले एल-टाइप कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी दारं, ओळखतं. हे चॅनेल हृदयात आहेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहेत, तसे आतड्याच्या स्मूथ मसलमध्येही, म्हणजे आपोआप हलणाऱ्या स्नायूतही आहेत. कॅल्शियम आत आलं की कॅल्मॉड्युलिन नावाच्या प्रथिनाला मिळतं, त्यातून स्नायू ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाला चालना मिळते आणि स्नायू आवळतो. व्हेरापामिल कॅल्शियमची ही वाटच अडवतं. जर्मनीत फ्रायबुर्गला आल्ब्रेख्त फ्लेकेनस्टाइन यांनी १९६०च्या दशकात हृदयाच्या स्नायूवर हेच उलगडलं. व्हेरापामिल घेणाऱ्या अनेक रुग्णांना बद्धकोष्ठता होते, ती यामुळेच. तुझ्या बाथमधल्या तुकड्याने तुला तेच दाखवलं.

आता मला सांग, शेवटी औषध काढून टाकायला तुकडा धुऊन पाहिलास का? पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाही. आमच्या वेळी काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर आकुंचनाची रेघ उमटायची. एकदा माझी रेघ अशीच सपाट आली आणि मी आनंदाने सरांकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘धुतलंस?’ धुतलं, तरी रेघ हलेना. बाथमध्ये हवेचे बुडबुडे येणं केव्हाच बंद झालं होतं आणि तुकडा मेला होता. मेलेल्या ऊतकाचीही रेघ सपाटच येते. तेव्हा धुवून, थोडं थांबून आकुंचन हळूहळू परत येतं का ते बघ. मग एकदा पोटॅशियम क्लोराइडने आणि एकदा अ‍ॅसिटिलकोलीनने आकुंचन घडव. पोटॅशियमचं आकुंचन बव्हंशी या चॅनेलवरच उभं असतं. अ‍ॅसिटिलकोलीनला मात्र पेशीच्या आतल्या साठ्यातूनही कॅल्शियम सोडवता येतं, म्हणून तिथे व्हेरापामिल किती रोखतं हे मोजूनच कळेल. शेजारी अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम अडवणारं अ‍ॅट्रोपिन लावलंस तर फरक आणखी स्वच्छ दिसेल. एवढं करताना तीन-चार तास एका जागी बसवलं, आणि तरी कंटाळा आला नाही, तर फार्माकॉलॉजी घे असं मी बिनधास्त सांगेन. बहुतेक मुलांच्या वाट्याला हे प्रयोग आता संगणकावरच येतात. तुझ्या हाताला खरं ऊतक मिळालंय, ते वाया घालवू नकोस.

पुढची वाट सरळ आहे. जीपॅट, म्हणजे एम. फार्म.साठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे. मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. नायपर या औषधनिर्माण शिक्षण-संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिचाही अर्ज भर. नुसत्या ऑर्गन बाथवर पोट भरेल अशा नोकऱ्या थोड्या आहेत, हे आत्ताच सांगते. बरंचसं काम पेशींवर आणि रिसेप्टरवर, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या प्रथिनांवर गेलंय. पण माणसांना देण्याआधी औषधाची सुरक्षितता तपासणाऱ्या प्रीक्लिनिकल प्रयोगशाळा, विषशास्त्र, औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारं फार्माकोव्हिजिलन्स, अध्यापन, या सगळीकडे ‘हा परिणाम औषधाचा की प्रयोगातल्या चुकीचा?’ असं विचारणारी माणसं लागतात. पहिला पगार मोठा नसेल.

बाबांशी वाद घालू नकोस. दुकानासाठी लागणारी फार्मासिस्टची नोंदणी एम. फार्म. केल्याने कुठे जात नाही, वेळच्या वेळी नूतनीकरण केलं की झालं. आणि त्यांना बीपीसाठी अ‍ॅमलोडिपिन चालू आहे, असं तू ओघात लिहिलंयस. ती गोळी याच कुळातली, फक्त तिचा जोर हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांवर जास्त. गाइडची परवानगी काढ आणि पुढच्या प्रयोगाला बाबांना सोबत घेऊन जा. रोज सकाळी घेतात ती गोळी आत जाऊन काय करते, ते त्यांना त्या रेघेवर दाखव.